परमुलखातली मालकी

कोकणातल्या मुसलमानाला परमुलूख नवा नाही. खलाशी म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रत्नागिरी-कुलाब्याकडची माणसे केपटाऊनला गेली आणि तिथे दुकाने थाटून बसली. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, तेव्हा कुवेत, दोहा, मस्कत, दुबई, जेद्दा ही नावे आमच्या गावांत पनवेल-चिपळूणइतकी जवळची झाली. भिवंडी शहर आणि तालुक्यातली पडघा, बोरिवली, महापोली ही गावे याला अपवाद नाहीत. माडीचे घर, मशिदीचा नवा मिनार, मुलाची फी, बहिणीचे लग्न या साऱ्यांत आखाताचा पैसा मिसळलेला आहे.

पहिली पिढी नोकरीला गेली. तिचे गणित सोपे होते. तिकडे राबायचे, इकडे पाठवायचे आणि एक दिवस परत यायचे. तिकडे आपले काहीच नाही हे तिला ठाऊक होते, आणि त्याचा तिला खेदही नव्हता. आता बोलणे बदलले आहे. सुताचे भाव, विजेचे बिल आणि कापडाची मंदी यांत भिवंडीचा यंत्रमागवाला पिचला आहे. चार लूम विकून दुबईत दुकान टाकावे, शारजात गॅरेज काढावे, भाड्याने देण्यासाठी एखादा फ्लॅट घ्यावा, असे बेत चहाच्या टेबलावर शिजतात. लायसन्सला किती लागतात? भाडे किती सुटते? व्हिसा किती वर्षांचा मिळतो? हे प्रश्न रास्तच आहेत आणि त्यांची उत्तरे देणारे एजंट नाक्यानाक्यावर आहेत. पण एक प्रश्न कुणी विचारत नाही, आणि तो एजंटाला विचारण्यासारखाही नाही. परक्याच्या मुलखात आपण ज्याला ‘माझे’ म्हणतो, ते नेमके कशाच्या आधारावर आपले असते? कागदाच्या, की कुणाच्या तरी शब्दाच्या? आणि उद्या आपल्याच दारी परका येऊन उभा राहिला, तर त्याला ‘माझे’ म्हणण्याइतके आपण काय देऊ?

आखातात दीर्घकाळ या प्रश्नाचे उत्तर एकाच शब्दात होते : कफील. संयुक्त अरब अमिरातीत १९८४ च्या कंपनी कायद्याने बहुतेक धंद्यांत किमान ५१ टक्के हिस्सा स्थानिक नागरिकाचा असणे सक्तीचे केले. जबल अलीसारखे फ्री झोन १९८५ पासून याला अपवाद होते, पण आमचा किराणावाला, शिंपी किंवा मेकॅनिक तिथे थोडाच जाणार! त्याचे गिऱ्हाईक गल्लीत होते. मग व्यवहार असा ठरे की कागदावर ५१ टक्के अरबाचे, प्रत्यक्षात शंभर टक्के भांडवल आणि मेहनत आमची. अरबाला वर्षाची ठरलेली रक्कम पोहोचवायची आणि बाकीचा खरा करार वेगळ्या कागदावर लिहून पेटीत ठेवायचा. हा दुसरा कागद कोर्टात टिकेल की नाही, याची खात्री लिहिणाऱ्यालाही नसे.

‘कफील’ हा शब्द मुळात किती मोठा आहे! फिकहमध्ये कफालत म्हणजे दुसऱ्याचा जामीन होणे, त्याची जबाबदारी आपल्या शिरावर घेणे. अनाथाला सांभाळणाऱ्यासाठीही हाच शब्द आहे. जबाबदारी घेणाऱ्याचे हे नाव सहीचे भाडे घेणाऱ्याला चिकटावे, हे शब्दाचे दुर्दैव. अर्थात सगळे कफील सारखे नव्हते. वर्षानुवर्षे एक दिरहमही जास्त न मागता पाठीशी उभे राहिलेले अरब आमच्या लोकांनी पाहिले आहेत आणि त्यांची नावे घरात दुआत घेतली जातात. दुकान चालू लागल्यावर रक्कम दुप्पट मागणारेही पाहिले आहेत. पण हा फरक माणसामाणसातला होता. व्यवस्थेने दोघांच्या हाती एकच सत्ता दिली होती. समजा, भला कफील वारला आणि हिस्सा त्याच्या मुलांकडे गेला. बापाने दिलेला शब्द मुलांवर बंधनकारक आहे का? कागद तर त्यांच्याच बाजूने बोलतो. वीस वर्षांचे दुकान एका जनाजाबरोबर परके होऊ शकते.

इथे दोष एकट्या कफीलाला देऊन मोकळे होणे आम्हाला सोपे वाटते. पण त्या कागदावर दुसरी सही आमची होती. अरबाचा ५१ टक्के हिस्सा आहे असे आम्ही लिहून दिले, आणि तो नाही हे आम्हाला ठाऊक होते. सौदी अरेबियात या प्रकाराला ‘तसत्तुर’ म्हणजे आड लपणे म्हणतात, आणि २०२० च्या कायद्याने त्याला कडक शिक्षा आहे. आमच्या देशात अशा व्यवहाराचे नाव बेनामी. त्याविरुद्ध १९८८ साली कायदा झाला आणि २०१६ साली तो अधिक कठोर झाला. आमची माणसे व्याज टाळण्याची किती काळजी घेतात! बँकेच्या व्याजाची रक्कम वेगळी काढून ठेवतात, फ्लॅटसाठी कर्ज घ्यायचे तर मौलवींना चार वेळा विचारतात. ही काळजी चांगलीच आहे. पण खोट्या भागीदारीच्या सहीबद्दल मौलवींना कितीजण विचारतात? शिर्कत म्हणजे नफ्यात आणि तोट्यात वाटा. ज्याचा तोट्यात वाटा नाही, काम नाही, भांडवल नाही, तो भागीदार कसला? व्याजाचा पैसा हराम आणि खोट्या सहीवर उभे राहिलेले दुकान मात्र हलाल, असा हिशेब आम्ही कुठल्या किताबात वाचला?

तरीही त्या माणसाची अडचण खोटी नव्हती. खरे लिहिले तर दुकानच उघडता येत नव्हते. ज्या कायद्याने प्रामाणिक परक्याला धंद्याची वाटच ठेवली नाही, त्या कायद्यानेही खोटेपणाला हातभार लावला. नीतीचा विचार करताना दुबळ्याच्या खोट्यात आणि बलवंताच्या अन्यायात तोल ठेवावा लागतो. दुबळ्याचे खोटे त्यामुळे खरे होत नाही, पण त्या पापात अनेकांचा वाटा आहे हे दिसते.

आता तो कायदा बदलला आहे. २०२१ पासून अमिरातीत बहुतेक धंद्यांत परदेशी माणूस शंभर टक्के मालक होऊ शकतो. दुबईने २००२ साली परदेशी लोकांना घरे विकत घेण्याची परवानगी दिली आणि २००६ च्या कायद्याने ठरावीक भागांतली ही मालकी नोंदणीच्या दफ्तरात पक्की केली. किमान २० लाख दिरहमांची मालमत्ता असेल तर दहा वर्षांचा ‘गोल्डन व्हिसा’ मिळतो. सौदी अरेबियानेही २०२५ साली नवा कायदा मंजूर करून ठरावीक भागांत परदेशी माणसाला मालमत्तेची वाट मोकळी केली. म्हणजे कफीलाच्या आड लपण्याचे कारण पुष्कळसे संपले. हे स्वागतार्हच आहे. यापुढे जो आड लपेल, त्याला लाचारीची सबब उरणार नाही. इकडून पैसा नेण्याबाबतही तेच. भारतात राहणाऱ्या माणसाला रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम कायदेशीरपणे बाहेर पाठवता येते. बाहेरची मालमत्ता आयकराच्या विवरणात दाखवावी लागते, एवढेच. वाट सरळ असताना हुंडीच्या आडवाटेने जाणाऱ्याने तिला मजबुरी म्हणू नये.

पण कागद स्वतःच्या नावाचा झाला म्हणजे मालकी पक्की झाली का? २००८-०९ च्या मंदीत दुबईतली घरांची किंमत जवळजवळ निम्म्यावर आली, कित्येक इमारती पायातच थांबल्या. नोकरी गेली की व्हिसा जाई, आणि हप्त्याचे चेक न वटणे हा तेव्हा गुन्हा होता. कागदावर मालक असलेला माणूस विमानतळाच्या वाटेवर होता. घर मिळते, त्यात राहायची मुदत मिळते, पण ‘मी इथला आहे’ हे म्हणणे घरासोबत विकत मिळत नाही. १९९० साली कुवेतवर इराकने हल्ला केला, तेव्हा सुमारे पावणेदोन लाख भारतीय विमानांनी परत आले. मागे राहिलेल्या दुकानांची कुलपे कुणी उघडली हे त्यांना कळलेही नाही.

याहून जुना आणि कडवट धडा दक्षिण आफ्रिकेचा आहे. ट्रान्सवालमध्ये १८८५ च्या कायद्याने आशियाई माणसाला जमीन नावावर करण्याची मनाई होती. तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांनी गोऱ्या माणसांच्या नावावर जमिनी घेतल्या. म्हणजे कफीलाचा प्रकार तिथे आखाताच्या कितीतरी आधी सुरू होता. पुढे कंपनी काढून तिच्या नावावर जमीन घेण्याची युक्ती निघाली. १९२० साली दादू लिमिटेडच्या खटल्यात क्रूगर्सडॉर्पची नगरपालिका म्हणाली, भागधारक हिंदी आहेत, सबब कंपनीही हिंदी. वरिष्ठ न्यायालयाने निकाल दिला की कंपनी वेगळी आणि भागधारक वेगळे. खटला जिंकला, पण नव्या खरेदीसाठी ही वाट १९१९ च्या कायद्याने आधीच बुजवली होती. केपमध्ये असा कायदा नव्हता. तिथे आमच्या कोकणी लोकांची घरे-दुकाने स्वतःच्या नावावर होती. मग १९५० चा ग्रुप एरियाज ॲक्ट आला. १९६६ साली केपटाऊनचा डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग ‘गोऱ्यांचा’ म्हणून जाहीर झाला, आणि साठ हजारांवर माणसे उठवून वस्ती बुलडोझरखाली घातली गेली. ज्याने दुसऱ्याच्या नावावर घेतले तोही असुरक्षित होता, आणि ज्याने स्वतःच्या नावावर घेतले तोही उठला. युगांडात १९७२ साली इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवस दिले. त्यांच्याही पेट्यांत पक्के कागद होते.

आणि परमुलखातच कशाला जायचे? १९७० आणि १९८४ च्या दंगलींत भिवंडीत जी घरे, जे लूम जळाले, त्यांचे कागद त्या त्या मालकांच्याच नावाचे होते. आजही मुंबईच्या कित्येक इमारतींत नाव ऐकून फ्लॅट नाकारला जातो. दुबईत ज्याला घर मिळते, त्याला आपल्याच राजधानीत नाही म्हणतात. तेव्हा परका कोण, हे पासपोर्टावरून ठरत नाही. ज्याच्या मालकीला शेजाऱ्याचे मन संमती देत नाही, तो परका.

याचा अर्थ कागद व्यर्थ आहे, असा आम्ही काढत नाही. उलट कुरआनमधली सर्वांत दीर्घ आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, हे सांगणारी आहे. इमानदार माणसांनाच उद्देशून ती सांगितली आहे, हे ध्यानात घ्यावे. विश्वास आहे म्हणून लिहायचे नाही, हा आमच्या समाजातला समज त्या आयतीच्या नेमका उलट आहे. कागद दुबळ्याच्या रक्षणासाठी असतो. विसर, मृत्यू आणि वारस यांच्यापुढे तोंडी शब्द दुबळा पडतो. पण कागद खरा असावा, आणि त्याच्यामागे तो खरा मानणारा समाज असावा. दोन्ही हवेत.

असा समाज कसा असतो, याचे एक चित्र आमच्यापाशी आहे. इसवी सन ६२२ मध्ये मक्केहून मदिनेला आलेले मुहाजिर निर्वासित होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकेका मुहाजिराला एकेका अन्साराचा भाऊ केले. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ यांना भाऊ मिळाले हजरत सअद बिन रबीअ. सअद यांनी आपली निम्मी मालमत्ता देऊ केली. अब्दुर्रहमान यांनी त्यांना दुआ दिली आणि एवढेच विचारले, की इथला बाजार कुठे आहे? ते बनू कैनुकाच्या बाजारात गेले, थोडे वाळवलेले दूध आणि तूप यांचा व्यापार करून परतले, आणि पुढे मोठे सौदागर झाले. हा प्रसंग आमच्या जलशांतून नेहमी सांगितला जातो, पण बहुधा स्वाभिमानाचा दाखला म्हणूनच. त्याची दुसरी बाजू आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते. परक्याला बाजार दाखवला गेला! त्याच्या सहीसाठी कुणी भाडे मागितले नाही. अन्सारांनी आपल्या खजुरीच्या बागाही वाटून द्यायची तयारी दाखवली होती. प्रेषितांनी ते मान्य केले नाही. मग ठरले असे की मुहाजिरांनी बागेत राबावे आणि फळात वाटा घ्यावा. म्हणजे जमीन ज्याची त्याचीच राहिली, मेहनतीला तिचा हिस्सा मिळाला आणि दोघांचे नाते लपवावे लागले नाही. ६२८ मध्ये खैबरनंतर मुहाजिरांची स्थिती सुधारली, तेव्हा वापरायला मिळालेली खजुरीची झाडे त्यांनी अन्सारांना परत केली. यजमानाने किती द्यावे आणि पाहुण्याने केव्हा परत करावे, हे दोन्ही या हकिकतीत आहे.

आमच्या किनाऱ्यानेही एके काळी असे यजमानपण केले आहे. अरब प्रवासी मसूदी इसवी सन ९१६ च्या सुमारास चौलला आला. तिथे त्याला सुमारे दहा हजार मुसलमान आढळले. त्यांतले कुणी सिराफचे, कुणी ओमान, बसरा, बगदादचे, तर कुणी तिथेच जन्मलेले होते. राज्य शिलाहार झंझाचे होते. मुसलमानांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजमान्यतेने नेमलेला असे. डहाणूजवळच्या चिंचणीला सापडलेल्या ९२६ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात तर संजाणचा कारभारी ‘मधुमती’ नावाचा ताजिक म्हणजे अरब आहे, आणि मधुमती हे मुहम्मदचेच रूप मानतात. त्याने नदीवर मोफत तरीची सोय केली, वाटसरूंना भात, कालवण, तूप मिळेल असे अन्नछत्र घातले आणि राजाच्या संमतीने एका मठिकेला जमीन दिली. परक्याला अधिकार मिळाला, आणि त्याने तो इथल्या माणसांच्या पोटासाठी, इथल्या श्रद्धेसाठी वापरला. परमुलखात पैसा लावणाऱ्याने नफ्याशिवाय आणखी काय लावायचे असते, हे त्या तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले आहे.

आता आमच्या घराकडे वळू. अनिवासी भारतीयाला इथे शेतजमीन विकत घेता येत नाही. मग आखातातला भाऊ पैसे पाठवतो आणि सातबारावर गावातल्या भावाचे नाव चढते. म्हणजे तिकडे आम्ही ज्या जागी उभे होतो, तिथे इकडे आपल्याच भावाला उभे करतो, आणि गावातला भाऊ कफील होतो. सुरुवातीला सारे गोड असते. मुले मोठी होतात, जमिनीजवळून हायवे जातो, गोदामांचे भाव येतात, आणि मग ‘पैसे कुणाचे’ आणि ‘नाव कुणाचे’ यावरून सख्खे भाऊ कोर्टाच्या व्हरांड्यात तोंड फिरवून बसतात. बहिणीचे तर नावच कुठे येत नाही. शरियतने दिलेला तिचा वाटा ‘तिने खुशीने सोडला’ या वाक्यात गडप होतो. अरब कफीलाच्या मुलांनी बापाचा शब्द पाळावा अशी अपेक्षा करणाऱ्याने आधी बापाच्या जमिनीतला बहिणीचा हिस्सा मोजून द्यावा.

आणि भिवंडी? हे शहर तर परक्यांनीच उभारले. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेकडचे मोमीन विणकर आग्रा रोडने उतरत आले, काही मालेगावला थांबले, काही भिवंडीला. इथे आधीपासून असलेल्या कोकणी मुसलमानांच्या शेजारी त्यांनी हातमाग मांडले, पुढे ते विजेवर चालू लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी या विणकरांनी ‘अन्सारी’ हे नाव धारण केले. आले मुहाजिर म्हणून, आणि नाव घेतले अन्साराचे! या नावात एक जबाबदारी आहे, ती कोकणी, मोमीन असा भेद न करता आम्हा सर्वांची आहे. त्यांच्यामागून तेलंगणाचे पद्मशाली विणकर आले. आज उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे मजूर येतात. ते आमच्या लूमवर बारा-बारा तासांची पाळी करतात, एका खोलीत पाळीपाळीने झोपतात, खानावळीत जेवतात. त्यांच्या नावावर रेशनकार्ड नाही, भाडेपावती नाही, पगाराची चिठ्ठी नाही. मंदी आली की त्यांचा हिशेब तोंडीच मिटतो. शारजात आमच्या मुलाचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला तर आम्ही तळमळतो. इथे खोलीचा करार न लिहिता, पगाराचा आकडा न नोंदवता ज्याला ठेवले आहे, त्याचे आईबापही आजमगढला किंवा गंजामला तसेच तळमळत असतील.

परमुलखात धंदा करू नये, घर घेऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. जरूर करावा. ‘बाजार कुठे आहे’ हे विचारणे हा सहाबांचा मार्ग आहे. मात्र जाणाऱ्याने खरा कागद करावा, जिथे कमावतो तिथल्या माणसांच्याही काही कामी यावे, आणि उठून यावे लागले तर मन मोडणार नाही इतकेच त्या मातीत मन गुंतवावे. मागे राहिलेल्यांनी त्याचा पैसा अमानत समजावा. आणि भिवंडीत जो आज ट्रेनमधून पिशवी घेऊन उतरला आहे, त्याला खोलीची पावती आणि पगाराची चिठ्ठी द्यावी. त्याला फारसा खर्च येत नाही. दुबईच्या लायसन्सपेक्षा नक्कीच कमी येतो.